बोडक्या डोंगराची वाट

बोरिवली, ७ जानेवारी २०१८

ती. आत्या,

वाकून नमस्कार, तुझ्या गुडघ्याला धक्का न लावता.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन करत नाही, कारण तुझा फोन लागला की अण्णा मला तो स्पीकरवर टाकायला लावतात आणि शेजारी खुर्ची ओढून बसतात. त्यांच्यासमोर बोलता येणार नाही असं काही सांगायचंय. उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

दिवाळीत तू अंगणात घसरलीस तेव्हापासून अण्णांनी तुला इथे आणायचं मनावर घेतलंय. आई गेल्यापासून दोन वर्षं तिच्या खोलीत ते मलाही पाय ठेवू देत नव्हते. आता ती खोली रंगवून झाली. रंग पोपटी, तुझ्या आवडीचा म्हणे. पलंग आला. बाल्कनीत एक खुर्ची होती, तिथे दोन झाल्या. रेल्वेत जन्म गेला त्यांचा, त्यामुळे तुझंही टाइमटेबल ठरलंय. गुढीपाडव्याच्या आत अहिल्या बोरिवलीत, आशागडच्या घराला कुलूप. एकटी बाई, पडली तर कोण बघणार, हे वाक्य मी रोज जेवताना ऐकतो.

दुसरं काम माझ्या स्वार्थाचं. आमचा ‘वाटाडे’ ग्रुप तुला माहीत आहे, ज्याला तू बिनपगारी हमाल म्हणतेस. आमचे डोंगर संपत आले. नॅशनल पार्कात गर्दी, येऊरला लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, कर्नाळ्याला शाळांच्या सहली. मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येईल अशी, कुणी न मळवलेली वाट हवी आहे. नोकरीत असताना तू तलासरीच्या बाजूला कुठल्याशा डोंगरावरच्या शाळेत चालत जायचीस ना? ती वाट आहे का अजून? कितपत अवघड आहे? वाटेत पाणी आहे का?

तुझा,
अनिकेत


आशागड, १२ जानेवारी

चि. अनिकेत,

आशीर्वाद घे, शिव्या पुढे आहेत.

आधी तुझे प्रश्न. वाट आहे. कितपत अवघड, हे मला त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. एका साहेबाला मी भर सभेत उलट बोलले, म्हणून त्याने माझी बदली बोडक्या डोंगरावरच्या पाड्यात केली. खाली रस्ता संपायचा तिथे टमटम सोडायची आणि चढायला लागायचं. अंगावर साडी, पायात स्लीपर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात खडूंची पेटी आणि जनगणना असली तर तिचेही कागद. त्याला आम्ही नोकरी म्हणायचो. जी वाट मला शिक्षा म्हणून दिली होती, तिच्यासाठी तुझी माणसं पैसे भरणार आणि वर त्यांना टोपीही मिळणार. मला त्या साहेबाची कीव येते. चुकीच्या धंद्यात होता बिचारा.

आता अण्णा. पोपटी रंग मला अजिबात आवडत नाही. त्याच्या लग्नात वहिनीच्या माहेरच्यांनी मला पोपटी साडी दिली आणि मी ती तोंड वाकडं न करता नेसले, एवढाच माझा पोपटीशी संबंध.

मी इथून हलणार नाही. सकाळी चिकूच्या झाडाखाली बसून आंघोळीआधी शेंगदाणे खाते, मला कुणी टोकत नाही. दुपारी शेजारच्या पुष्पाबेनकडे पत्ते खेळते. ती लबाडी करते, मीही करते, पाच वाजेपर्यंत वेळ छान जातो. सातव्या मजल्यावर बसून मी कुणाशी लबाडी करू? मी लग्न केलं नाही ते काही म्हातारपणी भावाच्या हुकमात राहायला नाही. हे सगळं हसत लिहितेय, पण तू हसण्यावारी नेऊ नकोस. त्या घरात मी शिरले की त्याची धाकटी बहीण होणार, आणि मग मरेपर्यंत तेवढीच राहणार. इथे निदान रस्त्यावरची माणसं मला बाई म्हणतात.

तेव्हा सौदा ऐक. तुझ्या माणसांना बोडक्या डोंगरावर मी स्वतः घेऊन जाते. वर शाळेच्या ओट्यावर उभी राहते, तू फोटो काढ आणि नेऊन अण्णाच्या नाकासमोर धर. डोंगर चढणाऱ्या बाईला अंगणात सांभाळायला माणूस लागत नाही, हे त्याला कळू दे. मी वर पोचले तर पाडव्याचा विषय बंद, कायमचा. नाही पोचले तर ट्रंक भरते आणि तुमच्या पोपटी खोलीत गुपचूप येऊन बसते. शब्द दिला.

पाणी वाटेत आहे. मोठा उंबर लागला की डावीकडे वळायचं, तिथे झरा आहे.

आत्या


बोरिवली, २८ जानेवारी

ती. आत्या,

सौदा मान्य. रविवार, २५ फेब्रुवारी. होळीच्या आधीचा रविवार आहे, पण नंतर उन्हं फार चढतात. जाहिरात टाकली तर दोन दिवसांत बस भरली. ‘मुंबईपासून जवळ, अनवट वाट, सोबतीला तिथल्या निवृत्त शिक्षिका’ असं लिहिलंय. तुझा फोटो मागत होते, मी तुझा शाळेतला रागावलेला फोटो दिला. त्यानंतर आणखी माणसं आली.

सोबत सूचनांचा कागद जोडलाय, तो सगळ्यांनाच जातो. बूट घालणे. दागिने घालू नयेत. पाकीट वगैरे बसमध्येच ठेवावं, गेल्या वेळी एकाचं दरीत पडलं होतं. तुझ्यासाठी वेगळी सूचना म्हणजे कृपा करून स्लीपर घालू नकोस.

अण्णांना यातलं काही माहीत नाही. त्यांचं मात्र अवघड होत चाललंय. परवा क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलीचा फोन आला, तर तिच्याशी डाळ करपेपर्यंत बोलत होते. कार्ड घेतलं नाही, पण तिच्या आईला गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला उलट फोन करून विचारलं, गुण आला का? वॉचमनला रोज खाली जाऊन पेपर वाचून दाखवतात. त्याला मराठी येत नाही. मी ट्रेकहून रात्री आलो की झोपल्याचं सोंग घेतात, आणि मी दिवा घालवला की अंधारातून विचारतात, कोण कोण आलं होतं रे, कुठल्या कुठल्या गावचे? एकेकाचं नाव सांगावं लागतं. म्हातारपण चमत्कारिक असतं बघ. तुझी काळजी करून करून ते असे झालेत, असं मला वाटतं.

गुडघा कसा आहे? खरं सांग.

अनिकेत


आशागड, ३ फेब्रुवारी

अनिकेत,

गुडघा उत्तम. बूट आणले, पुष्पाबेनने डहाणूहून निवडून दिले. ते घालून अंगणात फिरले तर कोंबड्या पळाल्या. सूचनांचा कागद वाचला. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने काढून परत पाठवतेय.

आत्या


आशागड, २७ फेब्रुवारी

चि. अनिकेत,

घरी पोचलास ते पुष्पाबेनच्या मोबाइलवर कळलं. काटे निघाले का सगळे?

झालं ते तू अर्धंच पाहिलंस, कारण तू रांगेच्या शेपटाला त्या बँकवाल्या बाईंची काठी दुरुस्त करत होतास. म्हणून सगळं लिहून ठेवते, उगाच सौद्यात घोळ नको.

पहिल्या चढापर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होते, याला साक्षीदार आहेत. चढ संपल्यावर वळणावर बायकांनी वाट अडवलेली. होळीच्या आधी इकडे बायका-पोरं रस्त्यावर दोरी धरतात, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून होळीचे पैसे घेतल्याशिवाय सोडत नाहीत, हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. पण रस्त्यावर धरतात. डोंगरात कोण कशाला धरेल, तिथून जातं कोण? मुंबईची बस खाली लागल्याची बातमी माझ्याआधी वर पोचली, त्याला मी काय करू?

दोरीचं एक टोक नवशीच्या हातात. ही माझी विद्यार्थिनी. तिसरीत असताना पाढे म्हटले की तापाने आजारी पडायची, आता पाड्यातल्या सगळ्या बायकांची पुढारी आहे. म्हणाली, “होळीचं द्या न् जा.” तुझ्या माणसांनी खिसे चाचपले. सगळ्यांची पाकिटं बसमध्ये, सूचना क्रमांक तीनप्रमाणे. तो चष्मेवाला मोबाइल पुढे करून विचारत होता की यावर घेता का. बायका हसून हसून खाली बसल्या. मग नवशीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पैसं नाय तं बाई ठेवा. खाली येताना सोडवून न्या.”

तुझे लोक काय, खूश. एकाने तर टाळ्या वाजवल्या. मला तारण ठेवून ते पुढे गेले, नवशीने नवऱ्याला, सुक्याला, वाट दाखवायला दिलं, आणि मी जांभळाखाली घोंगडीवर बसून नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. तुम्ही वर काय खाल्लंत? बदामाची पाकिटं.

तेव्हा सौद्याचं म्हणशील तर मी हरलेले नाही. मला चढू दिलं नाही, ही वेगळी गोष्ट आहे. चालू सामन्यात खेळाडूला उचलून नेलं तर सामना रद्द होतो. तसं अण्णाला सांग. आपण पुन्हा तारीख काढू, दिवाळीनंतर, थंडीत.

ता. क. मोठा उंबर कुणी तोडला, हे सुक्याला विचारलंस का? झरा शोधताना तू काट्यांत शिरलास, पण मी तुला चुकीची वाट सांगितली नव्हती. उंबर चुकला.

आत्या


बोरिवली, ५ मार्च

ती. आत्या,

काल मी परत बोडक्या डोंगरावर गेलो होतो, चौघांनाच घेऊन. वाट सुंदर आहे. ओट्यावरून गुजरातपर्यंत दिसतं, आणि वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशीची माणसं अजून विचारतायत की पुन्हा कधी. इतकी चांगली वाट मला गेल्या पाच वर्षांत मिळाली नव्हती. हे आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला जड जातंय.

होळी झाली होती, पण मी नवशीताईंना त्यांचे पैसे द्यायला गेलो. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, “आम्ही पैशाला नाय धरली तुम्हाला. बाय दगडाला हात लावून हुबी होती. तिचा पाय उचलत नव्हता. ती काय सांगायची नाय, म्हणून ठेवली.”

मग मला आठवलं. सकाळी तू आमच्या बसपाशी येऊन उतरलीस तेव्हा टमटमवाल्याला सुटे तूच दिले होतेस, कमरेच्या बटव्यातून. पैसे तुझ्याजवळ होते. दोरीपाशी सगळे खिसे चाचपत होते तेव्हा तू गप्प उभी होतीस.

आत्या, मी चिडलो नाही. घाबरलो मात्र. वर अर्ध्या वाटेत पाय गेला असता तर?

अण्णांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. जांभळाखालचा तुझा आणि नवशीताईंचा फोटो त्यांनी मोबाइलमध्ये पाहिला. मला वाटलं ओरडतील. तर कितीतरी वेळ बघत बसले. मोठा करून बघितला. मग म्हणाले, “गप्पा मारतेय रे. केवढी हसतेय.” आणि मोबाइल परत देऊन बाल्कनीत गेले. तिथे दोन खुर्च्या आहेत, एकीवर बसले. रात्री जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले. मला वाटतं, तू त्यांना न सांगता डोंगरावर गेलीस याचा राग आला असावा.

आता काय करू ते तू सांग. शब्द तुझा होता. पाडवा अठराला आहे. खोली तयार आहे, आणि मला तर वाटतं की डॉक्टर, लिफ्ट सगळं इथे हाताशी आहे. पण तुझा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि लिहवत नाही. तू म्हणशील तेच मी त्यांना सांगेन.

अनिकेत


आशागड, ९ मार्च

अनिकेत,

पकडलंस. गुडघा त्या चढावर गेला. म्हणजे असा गेला की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि पुढे तुझी सगळी टोपीवाली फौज माझ्याकडे बघत उभी. त्या वेळी मला मरण आलं असतं तरी चाललं असतं, पण ‘मला जमत नाही’ एवढं तोंडातून निघालं नसतं. नवशीने ते पाहिलं. ती काय करतेय ते मला दोरी तिच्या हातात असतानाच कळलं होतं. या जन्मात मी तिला पाढे शिकवू शकले नाही, पण कुणीतरी तिला बरंच काही शिकवलंय.

ते झालं माझं. आता तू कान उघडे ठेव, कारण मी तुला सातवीतला पोरगा समजून सांगणार आहे. तू महिनाभर मला पत्रांतून तुझ्या बापाच्या गमती सांगतोयस. क्रेडिट कार्डवालीच्या आईचा गुडघा. मराठी न कळणाऱ्या वॉचमनला पेपर. अंधारात ट्रेकवाल्यांची नावं. अरे ठोंब्या, त्याच्याशी बोलायला घरात माणूस नाही. वहिनी गेली, तू सोमवार ते शुक्रवार ऑफिसात आणि शनिवार-रविवार डोंगरावर. माझी काळजी वाटून तो तसा झालेला नाही. तो तसा झाला, म्हणून त्याला माझी काळजी वाटायला लागली. तुलाच काय बोलू? मीही दोन महिने त्याला हुकूमशहा समजून तुझ्याशी कट करत बसले. फोटो बघून तो जेवला नाही, हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पुष्पाबेनला वाटलं पत्त्यांत हरले म्हणून.

त्याला यातलं एक अक्षर बोलायचं नाही. ‘अण्णा, तुम्हाला एकटं वाटतं का’ असं विचारलंस तर तो तुला घराबाहेर काढेल आणि नंतर आयुष्यभर पेपर वाचत बसेल.

आज मी त्याला पत्र लिहिलं. मी हरले, असं लिहिलं. एकटीने राहवत नाही, पाय साथ देत नाही, संध्याकाळी भीती वाटते, असं सगळं लिहिलं. पण डॉक्टरांनी इतक्यात प्रवास करू नका म्हटलंय, तेव्हा मला न्यायला नको, तूच ये आणि माझ्यापाशी राहा, असं विनवलंय. डॉक्टर असं काही म्हणालेले नाहीत. गुडघ्याचं सोडलं तर बाकीचं खोटं आहे. तरी दोनदा कागद फाडला. आजवर मी कुणालाच ‘माझं तुझ्यावाचून अडलंय’ असं लिहिलेलं नव्हतं.

तुझा बाप विचारायला लागला तर मान खाली घालून म्हण की हो, आत्याची अवस्था फार वाईट आहे. आणि पुढच्या वेळी या बाजूला माणसं घेऊन आलास की मुकाट्याने आमच्याकडे जेवायला ये.

आत्या


बोरिवली, १३ मार्च

चि. अहिल्येस,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. शेवटी कबूल केलंस, हे बरं झालं. मी अनिकेतला पहिल्यापासून सांगत होतो की अहिल्या वरून कडक आहे, आतून खचलीय. तो ऐकत नव्हता. आता त्याने मान्य केलं. म्हणाला, अवस्था वाईट आहे.

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघतो. डहाणू रोडला न्यायला येऊ नकोस, मला सगळं स्टेशन पाठ आहे. गुढी मी उभारीन, तू स्टुलावर चढू नकोस. स्वयंपाकाला बसून काय जमेल तेवढंच कर. तुझ्या त्या पत्ते खेळणाऱ्या शेजारणीला सांगून ठेव की भाऊ येतोय. तिला रमी येते का?

तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. एकट्या माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. म्हणजे मी पाहिलंय, बिल्डिंगमध्ये असे पुष्कळ आहेत. सकाळ निघून जाते. दूध असतं, पेपर असतो. दुपारी जरा डोळा लागतो. संध्याकाळी मात्र दिवे लावावेत की असंच बसावं, हेच कळत नाही. लावले तर कुणासाठी लावायचे? आणि मग कुणाचाही फोन आला, चुकीचा नंबर असला, तरी माणूस ठेवत नाही. तू इतके दिवस हे कुणाला बोलली नाहीस. बोलायचं असतं गं. त्यात लाज कसली?

कपडे थोडेच घेतोय. किती दिवस राहायचं ते तुझ्या तब्येतीवर आहे. औषध घे, तेल लाव, पण घाई करून बरी होऊ नकोस.

तुझा,
अण्णा